लालासाहेबाचा पट्टा

मानसिंग रजेवर आला तेव्हा युरोपातली लढाई अजून संपली नव्हती. त्याचं गाव कडेगावच्या पलीकडे, पण पलटणीतल्या सोबत्याच्या घरी खुशाली सांगायची म्हणून तो वाट वाकडी करून आकारामबापूंच्या दारात येऊन उभा राहिला. बापूंचा थोरला लालासाहेब इटलीत त्याच्याच कंपनीत होता. बापूंनी मानसिंगला सोप्यात घोंगड्यावर बसवलं, त्यांच्या बायकोनं, बनुबाईंनी कोंबडं कापायला सांगितलं, आणि गूळपाणी होताच बापूंनी विचारलं,

"आमचा लाला कसा हाय?"

"झ्याक हाय. सायेब त्याच्यावर लय खूश. मी निघायच्या आधीच सायबानं त्याला सोताचा पट्टा दिला."

"पट्टा?"

"व्हय. सायबाच्या आज्याचा हुता म्हनं. दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हवता."

तेवढ्यात ताट आलं आणि मानसिंगचं लक्ष रश्श्याकडे गेलं. पुढं कधी विषय निघाला की तो शपथेवर सांगायचा, मी एक शब्द खोटा बोललो न्हाई. ते खरंच होतं. कसला पट्टा, एवढंच त्याला कोणी विचारलं नाही.

आमच्याकडे पट्टा म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर दोनच गोष्टी येतात. एक कमरेला तलवार अडकवायचा, आणि दुसरा कचेरीतल्या शिपायाच्या छातीवरचा, पितळी बिल्ल्याचा. साहेबाच्या आजोबांचा पट्टा म्हणजे तो शिपायाचा असणार नाही, हे उघडच होतं. संध्याकाळी चावडीवर बापूंनी जी हकीकत सांगितली तिच्यात साहेबाच्या आजोबांनी कुठल्याशा मोठ्या लढाईत तो पट्टा कमरेला बांधलेला होता. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ती हकीकत पोचली तेव्हा लालासाहेबानं साहेबाचा जीव वाचवलेला होता. हे बापू बोलले नव्हते. पण जीव वाचवल्याशिवाय कोणी आजोबांचा पट्टा देईल का, असा गावानं विचार केला आणि उरलेलं आपल्या पदरचं घातलं.

बापूंना हे सगळं हवंच होतं. त्यांच्या भावकीतला गुंडा पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला जाऊन आला होता आणि येताना एक बिल्ला घेऊन आला होता. तसा बिल्ला तिकडे गेलेल्या सगळ्यांनाच मिळाला होता, पण गावातून गेलेला तो एकटाच, त्यामुळे हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. तेव्हापासून दर जत्रेला गुंडा बिल्ला लावून पालखीच्या पुढे चालायचा आणि बापू पालखीच्या मागे.

खरी गोष्ट अशी होती. लालासाहेब कंपनीच्या कप्तानाचा अर्दली होता. इटलीत एका डोंगरी वाटेवर कप्तानाची जीप उलटली आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. कंपनीचा न्हावी त्याच सुमारास कावीळ होऊन इस्पितळात गेलेला. कप्तान असा, की तोफा चालू असल्या तरी दाढी केल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. त्यानं वस्तरा लालासाहेबाच्या हातात दिला. लालासाहेबानं जन्मात ऊस तोडायच्या कोयत्यापेक्षा बारीक धारेचं काही धरलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी कप्तानाच्या गालातून, हनुवटीतून आणि कानाच्या पाळीतून रक्त आलं.

कप्तान ओरडला नाही. त्यानं वस्तरा काढून घेतला आणि आपल्या पेटीतून एक पट्टा काढून लालासाहेबापुढे ठेवला. दीड हात लांब, चार बोटं रुंद. वरचा थर घोड्याच्या कातड्याचा, खालचा जाड किंतानासारख्या कापडाचा. एका टोकाला खिळ्यात अडकवायला पितळी कडी, दुसऱ्या टोकाला धरायला मूठ. कातडं वापरून वापरून काळपट तांबडं झालेलं आणि त्यात तोंड दिसावं इतकं गुळगुळीत. दाढी राहू दे, म्हणाला, आधी हे शीक.

मग आठवडाभर लालासाहेब तंबूच्या खांबाला पट्टा अडकवून नुसता वस्तरा ओढत बसला. पट्टा ताणून धरायचा, झोळ पडला की धार गोल झालीच म्हणून समजायचं. वस्तरा आडवा टेकवायचा, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला गेल्यावर वळवायचा तो पाठीवर, धारेवर वळवला की पट्टाही कापतो आणि धारही जाते. जोर लावायचा नाही. वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. आधी कापडावर, मग कातड्यावर. आणि रोज सुरुवातीला तळहातानं कातडं चोळायचं. हाताची ऊब आणि घाम एवढंच त्याला खायला लागतं, तेल कधीही नाही. आठवडा संपता संपता लालासाहेबाला आवाज कळायला लागला. धार जमली की खरखर थांबते आणि नुसती कोणी श्वास सोडल्यासारखी हवा ऐकू येते.

कप्तानाचं मनगट दोन महिन्यांत बरं झालं, पण त्यानं वस्तरा परत मागितला नाही. मग इतर अधिकारीही सकाळी त्या तंबूवरून चकरा मारायला लागले. पलटणीत लालासाहेबाचं नाव झालं ते त्या हातासाठी. पुढे अमेरिकी लोकांच्या कँटिनात दाढी करायचं पात्याचं नवं यंत्र मिळायला लागलं. कप्तानानं एकदा ते वापरून पाहिलं, त्याला ते फार सोयीचं वाटलं, आणि आता आपल्याला याचं काम नाही असं म्हणून त्यानं पट्टा आणि वस्तरा दोन्ही लालासाहेबाला देऊन टाकले.

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात लालासाहेब फौजेतून सुटून गावी आला तेव्हा त्याला वेशीपासून हलगी लावून आणला. कशासाठी हे त्याला कळेना. घरी आल्यावर बापूंनी माणसांच्या देखत ट्रंक उघडायला लावली.

"काढ त्यो पट्टा."

लालासाहेबाला वाटलं, मानसिंगनं सगळं सांगितलेलं दिसतंय आणि बापूंनी मनाला लावून घेतलेलं नाही. त्यानं मोकळ्या मनानं पट्टा काढून दिला. बापूंनी तो कपाळाला लावला. बनुबाईंनी विचारलं, "कशाचं कातडं म्हनायचं ह्ये?"

"घोड्याचं."

घोडा म्हणताच दोघा-तिघांनी खंडोबाचं नाव घेतलं. बापूंनी सोप्याच्या भिंतीत खिळा ठोकला, पितळी कडी त्यात अडकवली आणि माणसांकडे वळून सांगितलं, "सायबाचा जीव वाचीवला, त्याची खूण हाय ही."

लालासाहेब म्हणाला, "आबा, तसं काय न्हाई. त्यो पट्टा—"

"आपल्या तोंडानं नगं सांगूस," बापू म्हणाले. "मी हाय की सांगायला."

नंतर एकटं गाठून सांगावं असं त्यानं दोनदा ठरवलं. पण शेतकऱ्याच्या पोरानं लढाईवर जाऊन दुसऱ्याच्या दाढ्या केल्या, हे आमच्या गावात कोणत्या तोंडानं सांगणार? वस्तरा धरायचा तो ज्योतिबा न्हाव्यानं. ज्यानं त्यानं आपलं काम करावं, एवढाच गावाचा कायदा, आणि तो इटलीतल्या कायद्यापेक्षा कडक होता. त्यात जत्रेला बापू पालखीच्या पुढे चालले. म्हातारा इतका ताठ चाललेला लालासाहेबानं कधी पाहिला नव्हता. तो गप्प बसला आणि वस्तरा ट्रंकेच्या तळाशी पायाला बांधायच्या लोकरी पट्ट्यांत गुंडाळून ठेवून दिला.

त्याची शिक्षा त्याला दर रविवारी मिळायची. ज्योतिबा रविवारी सकाळी घरच्या पुरुषांच्या दाढ्या करायला यायचा. माणूस गोड, गावभरच्या बातम्या सांगणारा, पण हात असा की गावातली बाप्ये माणसं त्याच्यापुढे गुडघे घट्ट धरून बसत. त्याच्याकडे बैलाच्या कातड्याच्या जुन्या वादीचा एक तुकडा होता. तो पायाच्या अंगठ्याला अडकवून सैल धरायचा आणि त्यावर वस्तरा फाडफाड मारायचा, धारेवर वळवून. लालासाहेब समोर बसून ते बघायचा आणि प्रत्येक फटक्याला डोळे मिटून घ्यायचा.

"लढाईवर जाऊन आलेला मानूस," ज्योतिबा बापूंना म्हणायचा, "आनि वस्तऱ्याला भितोय बगा."

मात्र ज्योतिबानं भिंतीवरचा पट्टा पहिल्याच रविवारी ओळखला होता. बापू गोठ्यात गेल्यावर तो उठला, अंगठा कातड्यावरून फिरवला आणि मागे न बघता म्हणाला, "लालासाहेब, ह्यो आमच्या कामाचा हाय."

"व्हय, नाना."

"मग भिताडावर का?"

"आबांनी लावलाय."

ज्योतिबानं थोडा विचार केला. खरं सांगितलं तर बापूंचा राग ओढवणार, आणि घरातच दुसरा वस्तरा आहे हे गावाला कळलं तर आपल्या वस्तऱ्याकडे गाव नीट बघायला लागणार. "चांगला दिसतोय तितंच," तो म्हणाला आणि खाली बसून साबण फेसायला लागला.

त्या दसऱ्याला, खंडेनवमीच्या दिवशी, बापूंनी कोयते, कुऱ्हाडी, विळे आणि जुनी तलवार पूजेला मांडली आणि सगळ्यांच्या मध्ये पट्टा ठेवला. बनुबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि कातडं कोरडं पडलंय असं वाटून करडईचं वाटीभर तेल त्यावर मायेनं चोळलं. लालासाहेब हात जोडून उभा होता. साहेबाच्या आजोबांपासून तीन पिढ्यांच्या तळहातांनी आणलेली चकाकी त्याच्या देखत बुडाली. आई पूजेला बसलेली, तिचा हात कसा धरायचा? तो एवढंच म्हणाला, "आय, पुरं आता."

"आसू दे रं," बनुबाई म्हणाल्या, "वरसाचा सन हाय."

दुसऱ्या दिवशी बापू मळ्यात गेल्यावर त्यानं पट्टा उतरवला आणि चुलीतली कोरडी राख आणि फडकं घेऊन जमेल तेवढं तेल टिपून काढलं. ते करता करता तळहात आपसूक कातड्यावर फिरायला लागला. आपल्याला इटली आठवत नाही, साहेब आठवत नाही, हेच काम आठवतंय, हे त्याच्या त्या दिवशी लक्षात आलं.

पुढच्या माघात साताऱ्याला फौजेतून परतलेल्या जवानांचा मेळावा ठरला. कोणी गोरा साहेब येणार, ज्यानं त्यानं आपापली पदकं लावून यावं, असा निरोप आला. बापूंना तर हेच पाहिजे होतं. त्यांनी शिंप्याकडून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना लाल मांजरपाट जोडून घेतलं, म्हणजे तो खांद्यावरून तिरपा घालता येईल. कऱ्हाडमार्गे साताऱ्याला जाणाऱ्या मोटारीत त्यांनी प्रत्येक नव्या उतारूला पट्टा उलगडून दाखवला. लालासाहेब खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या हनुवटीवर ज्योतिबाच्या हातच्या दोन खपल्या होत्या, आणि त्या तोंडानं पलटणीच्या माणसांपुढे कसं उभं राहायचं, एवढीच त्याला काळजी होती. म्हणून त्यानं पिशवीत कपड्यांखाली वस्तरा घेतला होता.

ते धर्मशाळेत उतरले. सकाळी बापू झोपलेत असं बघून लालासाहेबानं पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला, लाल कापड हाताला गुंडाळून ताण दिला आणि वस्तरा ओढायला सुरुवात केली. आधी कापडावर, मग कातड्यावर. तेलानं कातडं जरा मऊ पडलं होतं, पण अगदीच गेलेलं नव्हतं. थोड्या वेळानं तो ओळखीचा आवाज यायला लागला, आणि त्या आवाजातच त्याला मागून ऐकू आलं,

"काय करतोस रं?"

बापू अंथरुणात उठून बसले होते.

"वस्तरा लावतोय, आबा."

"त्या पट्ट्यावर?"

"त्यासाठीच असतोय त्यो."

बापूंनी आधी पट्ट्याकडे, मग वस्तऱ्याकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी रहाटानं पाणी ओढत होतं.

"म्हंजे तू सायबाच्या..."

"दाढ्या करायचो. वरीसभर."

"रोज?"

"रोज."

"आनि लढाई?"

"ती बी हुतीच की. पर दाढी झाल्यावर."

"मानसिंगला ठावं हाय?"

"समद्या पलटनीला ठावं हाय, आबा."

बापूंनी भिंतीकडे तोंड केलं. लालासाहेबाला वाटलं, आता हे मोटार धरून परत जाणार. तो वस्तरा हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग बापूंनी आपल्या गालावरून हात फिरवला. रविवारची दाढी जुनी झाली होती, खुंट वाढलेले होते. धर्मशाळेसमोरच्या सलूनपुढे आधीच जवानांची ही गर्दी झालेली खिडकीतून दिसत होती.

"मेळावा कवा हाय?"

"दहाला."

"मग बगत काय ऱ्हायलास? ये हिकडं," बापू म्हणाले. "सायेब ज्याच्यावर आज्याचा पट्टा उधळतोय, त्याचा हात बगू तरी."

ते सवयीनं गुडघे घट्ट धरून बसले. लालासाहेबानं गरम पाण्याचं फडकं त्यांच्या तोंडावर ठेवलं, साबण लावला आणि कानाजवळून सुरुवात केली. पहिल्या ओढीला बापूंनी श्वास रोखला. दुसऱ्या ओढीला विचारलं, "सुरू केलंस का?" हनुवटीपर्यंत येईतो त्यांची बोटं गुडघ्यांवरून सुटली होती, आणि मिशीच्या कडा कोरताना लालासाहेबाच्या लक्षात आलं की म्हातारा झोपलाय.

जागे झाल्यावर बापूंनी दोन्ही हातांनी तोंड चाचपलं. एकदा नाही, सारखं चाचपत राहिले. मग धोतर नेसून, फेटा बांधून तयार झाले आणि पट्टा गजावरून काढून त्यांनी तो स्वतः लालासाहेबाच्या खांद्यावर चढवला.

"आबा, तितं सायेब लोक असत्याल. वळकत्याल."

"वळकू दे. मोटारीत समद्यांस्नी सांगत आलोय मी."

मैदानावर जवान रांगेत उभे होते आणि दोरीच्या पलीकडे त्यांच्या घरची माणसं. कऱ्हाड-कडेगावकडची ओळखीची बरीच होती. गुंडाही बिल्ला लावून रांगेत उभा होता. पाहुणे साहेब म्हातारे होते, पांढऱ्या मिशांचे. ते एकेकाचं पदक बघत, मान हलवत पुढे सरकत होते. मानसिंग आता हवालदार झालेला. साहेबाचं बोलणं मराठीत सांगायचं काम त्याच्याकडे होतं. लालासाहेबापुढे येताच साहेब थबकले. त्यांनी पट्टा दोन बोटांनी उचलला, उलटा करून कापडाची बाजू पाहिली, अंगठा कातड्यावरून फिरवला, नाकाजवळ नेला. मग ते बराच वेळ काहीतरी बोलले.

"काय म्हनतोय सायेब?" दोरीपलीकडून बापूंनी विचारलं. त्यांचा आवाज मैदानभर गेला.

मानसिंगनं मोठ्यानं सांगितलं, "सायेब म्हनत्यात, असा पट्टा हिंदुस्थानात दुसरा बगितला न्हाई. आसं चामडं आता मिळत न्हाई म्हनं."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी लालासाहेबाच्या ताज्या गुळगुळीत हनुवटीकडे बघितलं, हसले, आणि त्याचा हात हातात घेऊन हलवला. गुंडाचा हात त्यांनी हलवला नव्हता. पुढे सरकता सरकता मानसिंग लालासाहेबाच्या कानाशी म्हणाला, "आनि इचारत्यात, ह्याला त्याल लावनारं गाढव कोन?"

"सांग, गावाकडं देवाला लावत्यात," लालासाहेब म्हणाला.

गावी परतल्यावर बापूंनी साताऱ्याची हकीकत जशी घडली तशीच सांगितली, साहेबाच्या शब्दांसकट. त्यात एक अक्षर वाढवायची त्यांना गरज पडली नाही. पट्टा पुन्हा भिंतीवर गेला. फरक एवढाच झाला की शुक्रवारी दुपारी माजघराचं दार आतून बंद व्हायला लागलं आणि रविवारी ज्योतिबा आला की बापू म्हणायचे, "आज माझी नगं. मला जरा सर्दी हाय." सर्दी महिनाभर राहिली. बनुबाईंना दार का बंद असतं ते पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं. त्यांनी गरम पाणी दाराशी ठेवायला सुरुवात केली आणि पुढच्या दसऱ्याला पट्ट्याला नुसतं फूल वाहिलं.

माणसाचं तोंड काही झाकून ठेवता येत नाही. गुंडानं बापूंचा गाल दोन आठवडे निरखून पाहिला आणि तिसऱ्या शुक्रवारी तो दारात आला. म्हणाला, त्यो पट्टा जरा जवळनं बगावा म्हनतो. बापूंनी त्याला आत घेतलं आणि दार लावलं. बाहेर येताना गुंडा गालावर उपरणं धरून आला. त्यानंतर गावातल्या बऱ्याच प्रतिष्ठित माणसांना पट्टा जवळून बघावासा वाटायला लागला. येताना खुंट, जाताना तुळतुळीत. पण आत काय होतं हे कोणी कोणाला विचारलं नाही. चावडीवर बोलणं व्हायचं ते पट्ट्याच्या पराक्रमाचं.

ज्योतिबाला त्याचा धान्याचा वाटा सगळीकडून वेळेवर मिळत होता, शिवाय काम कमी झालेलं. त्याची तक्रार नसावी असं बापूंना वाटत होतं. पण एका शुक्रवारी दार वाजलं. लालासाहेबानं फट करून बघितलं तर ज्योतिबा, वस्तऱ्याच्या धोकटीशिवाय.

"नाना, तुमी?"

ज्योतिबा आत आला, बापूंना रामराम केला आणि पाटावर बसला. इतकी वर्षं तो आपली दाढी आपणच करत होता, त्याच वस्तऱ्यानं आणि त्याच वादीवर लावून. त्याच्या मानेवर त्याच्या खुणा होत्या.

"समद्या गावाचं ऐकून घेतो मी," तो म्हणाला. "मला बी कळू दे की काय हाय ते. पानी जरा कढत असू दे, लालासाहेब."

लालासाहेबानं बापूंकडे पाहिलं. बापूंनी क्षणभर विचार केला, मग उठून स्वतः दाराची कडी लावली आणि म्हणाले, "कर. पर आधी पट्टा नीट ताण."